फादरचा अर्धा सिनेमा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. दारावर कोणी जोरानं थाप मारली तर आजही माझा हात आधी चपलांकडे जातो, मग कडीकडे. नवरा हसायचा. त्याचं लहानपण शहरात, सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. त्याला दार म्हणजे नुसतं दार वाटायचं.

आमचं गाव परभणीपासून फार लांब नव्हतं. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला आणि त्याचा राग कितीतरी खेड्यांत आमच्या घरांवर निघाला. ज्यांचं नाव द्यायचं होतं ते मी इथंही लिहीत नाही. आम्ही बौद्ध, घराघरात त्यांची तसबीर. पण ती सगळी वर्षं आम्ही ते नाव ओठातल्या ओठात घेतलं, आणि सवय जाता जात नाही. त्या संध्याकाळी वेशीकडून कुणीतरी ओरडलं, "आले, आले." कोण आले, किती आले, कुणी विचारलं नाही. हाताला लागेल ते घेऊन माणसं ज्वारीच्या रानात शिरली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नाल्यात पडले आणि त्यांचा पाय मोडला. मागं वळून पाहिलं तर आमचं घर जळत होतं. आईनं त्याचा धसका घेतला तो घेतलाच. वर्षाच्या आत ती गेली.

मग परभणी. कापसाच्या जिनिंगमागं कामगारांची वस्ती होती, पत्र्याची आणि कुडाची घरं. सीझन सुरू झाला की सगळ्या वस्तीवर रुईची पिंज बसायची. भाकरीवर, केसांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. दादांना लंगड्या पायामुळं गाठी उचलायचं काम जमेना, म्हणून त्यांना सरकीच्या ढिगांची आगीपाण्यापासून राखण करायला ठेवलं होतं. मी बी. ए. झाले होते, इंग्रजी घेऊन. नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि त्या नोकरीवर माझा फार जीव होता. वर्गात पोरं "बाई" म्हणाली की मला अजून मागं वळून पाहावंसं वाटायचं, की कोण बाई.

पण आमच्या दाराशी एक पत्र्याची ट्रंक कायम भरून ठेवलेली असायची. त्यात दोघांचे कपडे, माझी सर्टिफिकिटं आणि गावाहून वाचवून आणलेली ती तसबीर. दादांनी मला बजावून ठेवलं होतं, "माय, अजून येक जरी गोष्ट घडली तर हितं ऱ्हायाचं न्हाई. सोनपेठला आत्याकडं जायाचं. पुन्यांदा वाट बगत बसायचं न्हाई." ट्रंकेतला कपडा हवा असेल तर काढायचा, वापरायचा, धुऊन परत त्यातच ठेवायचा. आमचं कपाट म्हणा हवं तर. मला त्या ट्रंकेची भीती वाटायची. ती उचलली गेली की माझी शाळा गेली.

वस्तीच्या कडेला मिशनचा छोटा दवाखाना होता आणि त्याला लागून एका खोलीत एक पाद्री राहायचे. दक्षिणेकडचे, काळेसावळे, हाडकुळे. पेडगावपर्यंत सायकल मारत औषधं वाटायचे, संध्याकाळी कामगारांच्या पोरांना पाढे शिकवायचे. मराठी पुस्तकात शिकलेले असल्यामुळं खरूज झालेल्या पोरालाही "आपण इकडे यावे" म्हणायचे. वस्तीला फादर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. फादर हे त्यांचं नाव आहे असंच सगळ्यांनी धरलं होतं. शेजारची म्हातारी, माहेर चारठाण्याचं आणि जिभेला हाड नाही, मला एकदा म्हणाली, "नाव तेवडं बरं ठिवलं माय-बापानं. आडनाव काय म्हनावं त्येचं?"

तर या फादरनी त्या हिवाळ्यात कुठून तरी प्रोजेक्टर आणि एक सिनेमा मिळवला. परदेशातल्या कुठल्याशा गिरणीच्या शहरातला, काळा-पांढरा, इंग्रजी. कामगारांच्या वस्तीत राहणाऱ्या एका पाद्र्याची गोष्ट. मला म्हणाले, "आपण ध्वनिक्षेपकावरून मराठीत सांगावे." मी हो म्हणाले, कारण इंग्रजीचा उपयोग होतोय याचा मला आनंद झाला. भित्री माणसं अशीच सापडतात.

तयारी म्हणून त्यांनी मला तो सिनेमा दवाखान्याच्या भिंतीवर आधी दाखवला. त्यातले फादर लांब काळ्या कोटात, आणि त्यांनाही सायकल. म्हातारीच्या घरी कोळसा पोचवतात, पोरांना शिकवतात. गिरणीत संप होतो, ते संपवाल्यांच्या बाजूनं उभे राहतात. मालक आधी समजावतो, मग धमकावतो. शेवटी त्याची माणसं काठ्या घेऊन गल्लीत येतात. वस्ती एकेक दार लावून घेते. फादर आपल्या दारात एकटे उभे राहतात आणि ती माणसं त्यांना तिथंच मारून टाकतात. रीळ संपलं.

मी म्हणाले, "शेवट नको दाखवू या."

"शेवट दुःखाचा आहे," ते म्हणाले, "परंतु शेवट कापला तर मग गोष्ट कशास सांगावी?"

दोन-तीन दिवसांत बाजारात कुजबुज सुरू झाली. नामांतर होत नाही म्हणून वस्ती आता धर्मांतर करणार, पाद्री सिनेमा दाखवून सगळ्यांवर पाणी शिंपडणार. कुणी तरी ही दोन अंतरं एकात एक घातली होती आणि ती बाजाराला फार आवडली. दादा जेवताना म्हणाले, "अरे, छप्पन साली येकदा केलं तेच अजून पचंना लोकाला. आता दुसरं कशाला करायलाव?" म्हणाले ते थट्टेनं, पण नंतर उठून त्यांनी ट्रंकेचं कुलूप ओढून पाहिलं.

सिनेमाच्या आदल्या दिवशी पोलिसांचे जमादार शाळेत आले. सगळ्या पोरांदेखत मला व्हरांड्यात बोलावलं. "बाई, सिनेमा दावा, आमची हरकत न्हाई. पन माइकवर धर्म, पाद्री, देऊळ, असला शब्द येता कामा नये. माइक तुमच्या हातात हाय. काय झालं तर जिम्मेदारी तुमची." मी मान हलवली.

मग मला एकच चिंता लागली. त्या सिनेमातल्या माणसाला म्हणायचं काय? पाद्री म्हणायची बंदी. पुजारी किंवा महाराज म्हटलं असतं तर वस्ती उठून गेली असती, तो धंदा आम्ही कधीच सोडला होता. भंते म्हणणं खोटं. बाबा हा शब्द तर तोंडाशीच होता, पण आमच्याकडे बाबा म्हणजे एकच माणूस, आणि त्यांच्याच नावापायी आम्ही इथं आलो होतो. माइकवर बाबा म्हटलं असतं तर एक घोषणा उठली असती आणि पलीकडून दगड. शेवटी फादरच म्हणायचं ठरवलं. रात्रभर मी वाक्यं घोकली, एकेका शब्दाची झडती घेतली. सगळे शब्द सोवळे करून ठेवले असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत दवाखान्याच्या दोन चादरी जोडून पडदा बांधला. पाळी सुटलेल्या बाया पिंज झटकत थेट तिथंच येऊन बसल्या. जमादार पुढं खुर्चीवर. दादा कडेला, भिंतीला टेकून, ते कायम भिंतीलाच टेकून बसायचे. आणि पानटपरीजवळ बाजाराकडची पंधरावीस पोरं-बाप्ये हाताची घडी घालून उभे. मी त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि सारखी त्यांच्याकडेच पाहत राहिले.

सुरुवात बरी झाली. काळ्या कोटातला माणूस सायकलवरून आला आणि मी म्हणाले, "हे फादर." शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ह्ये तर आपलेच की. गोरे दिसायलेत, पन लय वाळलेत." सगळे हसले, जमादारही हसले. मी समजावायला गेले की हे वेगळे फादर, तर कुणी ऐकेना. एका नावाची दोन माणसं, दोघांना सायकल, दोघांच्या भोवती कामगारांची पोरं. लोकांनी ते आपल्याच गल्लीत घडतंय असं धरून टाकलं. कोळशाच्या वेळी म्हातारीनं आपल्या फादरकडे वळून विचारलंसुद्धा, "मला कामून न्हाई आनला कदी?"

संप सुरू झाला तसं मैदान गप्प झालं. मालकानं धमकी दिली. पुढं काय आहे ते फक्त मला आणि फादरना ठाऊक होतं. पडद्यावर गल्लीच्या तोंडाशी सावल्या दिसल्या, मग काठ्या. मी वाक्य नीट पाठ केलं होतं: मालकाची माणसं गल्लीत प्रवेश करतात. तोंड उघडलं तेव्हा ते पुस्तकी वाक्य कुठल्या कुठं पळालं आणि माइकमधून माझा घरचा आवाज बाहेर पडला.

"आले," मी म्हणाले. "आले, आले."

सगळं मैदान एकदम उठलं. कुणी पडद्याकडे पाहिलंही नाही. पडद्याचा काही संबंधच नव्हता. तिथं बसलेल्या निम्म्या माणसांनी आपापल्या गावी हाच शब्द ऐकला होता आणि पाय त्या शब्दाला ओळखत होते. बायांनी जवळचं कुठलंही लेकरू उचललं, आपलं की दुसऱ्याचं ते नंतर कळलं. चादरी फाटल्या. प्रोजेक्टर चालूच होता आणि काठ्या घेतलेली ती माणसं पळणाऱ्यांच्या पाठींवर चालत होती. पानटपरीवाल्यांना वाटलं वस्ती आपल्या अंगावर येतेय, तेही पळत सुटले. जमादार शिट्टी फुंकत कुणाला थांबवावं ते न कळून गोल फिरत होते. मी माइक धरून उभी होते. थांबा म्हणायचं मला सुचलं नाही. आदल्या दिवसापासून मी भलत्याच शब्दांना भ्यायले होते, आणि ज्याला भ्यायला हवं होतं त्याची मला आठवणसुद्धा झाली नव्हती.

मैदान रिकामं झालं तेव्हा तिथं नुसत्या चपला उरल्या. म्हातारी पडून तिच्या हाताला मार लागला होता, आणखी काहींना खरचटलं होतं, एवढ्यावर निभावलं. दादा भिंतीपाशी नव्हते. मी घरी गेले. दार उघडं होतं आणि दाराशी ट्रंक नव्हती.

स्टँडवर दादा ट्रंकेवर बसले होते. सोनपेठची शेवटची गाडी फलाटाला लागायची होती. मला पाहून म्हणाले, "आलीस. बस." मी बसले आणि रडायला लागले. शाळेसाठी रडले, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "दादा, कुणी आलं नव्हतं. मी सिनेमातलं बोलले."

"म्हाईत हाय," दादा म्हणाले. "पायाला म्हाईत न्हवतं."

तेवढ्यात मागच्या हॉटेलात ती टपरीवरची माणसं येऊन बसली. दम खात होती आणि लाजही वाटत असावी, कारण पळाली होती. लाजलेल्या माणसांचा आवाज मोठा असतो. "त्या पाद्र्यानंच पेटवलंय सगळं," एक जण म्हणाला. "चहा घिऊ, मंग जाऊ त्येच्याकडं. आज त्येला गाडीत बशिवतोच." बाकीचे हसले. मी दादांचा हात धरला. आता गाडी यावी, लवकर यावी, असं मला वाटायला लागलं. शाळा गेली तर गेली.

दादांनीही ऐकलं होतं. मग हळू आवाजात विचारलं, "त्या सिनेमातल्या फादरचं पुढं काय झालं?"

"कशाला पाहिजे ते आता?"

"सांग की. पळाला का?"

"न्हाई."

"मंग?"

"मारलं त्यांना. दारातच."

"आन् वस्ती?"

"वस्तीनं दारं लावून घेतली."

गाडी आली. कंडक्टर सोनपेठ, सोनपेठ ओरडायला लागला. दादा उठले, ट्रंक खांद्यावर घेतली आणि गाडीच्या उलट्या बाजूला चालायला लागले. मी मागं पळाले. "कुठं जायलाव दादा? गाडी हिकडं हाय."

"आपलं दार जळलं," ते न थांबता म्हणाले, "तवा आपल्याला वाटायचं, येक तरी मानूस येऊन हुबा ऱ्हायला पायजे व्हता. वाटायचं का न्हाई?"

मी त्यांची बाही धरून ओढली. हे मी लिहून ठेवते. तुमचा पाय असा, तुम्ही एकटे, माझं कोण आहे तुमच्याशिवाय, सगळं बोलले. ते लंगडत चालतच राहिले. ज्या माणसानं इतकी वर्षं पळायची तयारी करून ठेवली होती तो माणूस मला ओळखू येईना. मला त्या क्षणी त्यांचा अभिमानबिभिमान काही वाटला नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागाखाली भीती होती की हेही दार जळणार आणि यावेळी दादा त्यात असणार.

फादर खोलीत कंदिलाजवळ बसून फाटलेल्या चादरीला टाके घालत होते. दादांनी त्यांच्या उंबऱ्यात ट्रंक आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले. मी हॉटेलातलं बोलणं सांगितलं. फादर उठून उभे राहिले. त्यांचाही चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "आपण घरी जावे. आपल्या कन्येस घेऊन जावे."

"तुमी निजा," दादा म्हणाले.

"निजणे शक्य नाही."

"मंग शिवा. पन दार लावू नका."

मी दादांशेजारी ट्रंकेवर बसले. धाडस म्हणून नव्हे. एकटीनं घरी जायची मला जास्त भीती वाटत होती. समोर दवाखान्याचं अंगण, त्यापुढं अंधार आणि जिनिंगचा एक दिवा. कुत्रं भुंकलं तरी माझा हात चपलांकडे जात होता. दादांचा दुखरा पाय थरथरत होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला होता. म्हणजे तेही भ्यायले होते. ते पाहून मला धीर यायला हवा होता, पण उलट माझा उरलासुरला धीर गेला.

मग अंगणाच्या पलीकडं पावलं वाजली. एकाची नाही, बऱ्याच जणांची. दादांनी मान वर केली.

"आले," ते म्हणाले.

मी डोळे गच्च मिटून घेतले. ज्वारीचं रान, नाला, आईचा हात, सगळं एकदम अंगावर आलं. पळायचं म्हटलं तरी मागं फादरची भिंत होती.

"सरक की थोडी," कुणीतरी म्हणालं. "सगळी ट्रंक तुजीच हाय का?"

डोळे उघडले तर शेजारची म्हातारी, हात पदरानं गळ्यात बांधलेला. मागं मघाच्या बाया, कुणाच्या काखेत लेकरू, दोन-तीन हमाल. हॉटेलात काय बोलणं झालं आणि दादा लंगडत कुठं गेले, हे तिथल्या पोऱ्यानं वस्तीत सांगितलं होतं. कुणाच्या हातात काठी नव्हती. त्या सगळ्या येऊन उंबऱ्याभोवती, पायरीवर, अंगणात खाली बसल्या, मघाशी मैदानात बसल्या होत्या तशाच.

बाजाराकडची माणसंही आली, थोड्या वेळानं. कोपऱ्यावर थांबली. त्यांच्या विड्यांचे ठिपके मला दिसत होते आणि मी ते मोजायचं टाळत होते.

म्हातारी ऐसपैस बसली. "सिनेमा आर्धाच ऱ्हायला न्हवं," ती म्हणाली. "ती मानसं काठ्या घिऊन आली. मंग? आपल्या फादरचं पुडं काय झालं?"

माझ्या पाठीमागं तेच फादर सुई धरून बसले होते आणि कोपऱ्यावर तीच माणसं उभी होती. मी दादांकडे पाहिलं.

"सांग माय," दादा म्हणाले. "मोठ्यानं सांग. त्यान्लाबी आयकू जाऊ दे."

मग मी सांगितलं. माइक नव्हता, आवाज चिरकत होता, तरी सांगितलं. ते दारात उभे राहिले, एकटेच. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. वस्तीतल्या लोकांनी खिडकीतून पाहिलं आणि एकेकानं दार लावून कडी घातली.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "येडे व्हते त्ये लोक," ती म्हणाली, आणि दुखरा हात सांभाळत उंबऱ्यापुढं तिथंच आडवी झाली.